पशुखाद्यातील बाह्य वस्तू : शोध, पुरावा आणि उत्पादकाकडे करावयाची तक्रार

पेडणे व डिचोली तालुक्यांतील गोठ्यांत पूर्वी जनावरांचा आहार बहुतांशी घरचाच असे. भाताचा पेंढा, बांधावरचे हिरवे गवत, घाण्यावरून आणलेली खोबऱ्याची पेंड, कोंडा आणि सायंकाळी भिजवून ठेवलेले आंबोण, एवढ्यावर गाय-म्हैस पोसली जाई. त्या आहारात पोषणाची उणीव असे, हे खरे. तथापि आपण जनावरापुढे काय ठेवीत आहो, हे पशुपालकास नेमके ठाऊक असे. संकरित गाईंचा प्रसार झाल्यावर दुधाच्या प्रमाणात सकस आहार देणे अपरिहार्य ठरले आणि कारखान्यात तयार झालेले शिवणबंद पोते गोठ्यात आले. पोत्यात काय आहे याची माहिती आता उत्पादकाकडे असते. परिणाम मात्र जनावरास आणि त्याच्या मालकास भोगावे लागतात. या लेखाचा विषय याच तफावतीतून उद्भवतो.

मोपा परिसरात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. मोपाच्या सड्यावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमानांची ये-जा सुरू झाली. सड्याचा मोठा भाग या प्रकल्पाखाली गेल्याने चराऊ रान आकसले आणि विकतच्या खाद्यावरील भिस्त साहजिकच वाढली. त्याच वेळी रस्ते, इमारती व कुंपणे यांच्या बांधकामामुळे सळ्या बांधण्याची तार, खिळे आणि पत्र्याचे तुकडे गावोगावी विखुरले. म्हणजे जनावराच्या पोटात लोखंड जाण्याचे मार्ग दोन झाले : एक पोत्यातून, दुसरा परिसरातून. तक्रार करू इच्छिणाऱ्या पशुपालकाची खरी अडचण येथेच आहे. खिळा पोत्यातून आला असे त्याने म्हणताच, तो तुमच्या अंगणातला आहे, असे उत्तर त्यास मिळू शकते. ते उत्तर प्रत्येक वेळी खोटे असेल, असेही नाही. म्हणून तक्रारीची तयारी पोते उघडण्यापूर्वीच सुरू होते, हे प्रथम समजून घ्यावे.

गाय खिळा का गिळते

माणूस अथवा कुत्रा तोंडात खडा आला तर थुंकून टाकतो. गाईस तसे करता येत नाही. ती जिभेने घास ओढते, थोडासा चावते आणि गिळते. बारीक चर्वण पुढे रवंथ करताना होते. तिच्या जिभेवर व गालांच्या आतील बाजूस घशाकडे वळलेले काटेरी उंचवटे असतात. त्यामुळे तोंडात आलेली वस्तू बाहेर पडण्याऐवजी आतच सरकते. आंबोणात भिजलेल्या खाद्यातील तार तर तिला जाणवतही नाही.

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे जठर. जड वस्तू कोठीपोटातून पुढे सरकून जाळीपोटात येऊन पडते. या कप्प्याची आतील बाजू मधमाशीच्या पोळ्यासारखी असून त्या घरांत टोकदार वस्तू अडकते. जाळीपोट सतत आकुंचन पावत असते व प्रत्येक आकुंचनाबरोबर तारेचे टोक भिंतीत रुतत जाते. जाळीपोटाच्या पुढे श्वासपटल आणि त्याच्या पलीकडे, अवघ्या काही सेंटिमीटरांवर, हृदय असते. तार त्या दिशेने सरकली म्हणजे हृदयावरील आवरणात पू होतो, आणि अशा अवस्थेस पोचलेले जनावर क्वचितच वाचते. गाभण काळाच्या अखेरीस वासराच्या भाराने व विताना दिलेल्या जोराने ही हालचाल वाढते; म्हणून कित्येक महिने निमूटपणे पोटात पडून असलेला खिळा नेमका वितेवेळी घात करतो.

आजाराची सुरुवात फसवी असते. काल पूर्ण दूध देणारी गाय आज एकाएकी निम्म्यावर येते. ती खाणे सोडते, रवंथ मंदावते, पाठ कमानीसारखी वर उचलते, पुढील पायांची कोपरे छातीपासून दूर ठेवून उभी राहते व बसताना-उठताना कण्हते. मोप्यासारख्या चढउताराच्या गावी एक खूण सहज ध्यानात येते. सड्यावरून खाली उतरताना ती अडखळते, कारण उतारावर पोटाचा भार पुढे येऊन वेदना वाढते. चढण मात्र ती त्यामानाने सुखाने चढते. पुढील अवस्थेत मानेची शीर दोरीसारखी फुगते आणि गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरून सूज येते. ही सूज दिसेपर्यंत वाट पाहणे म्हणजे गाय गमावणे होय.

पशुवैद्य खांद्यामागील पाठीची कातडी चिमटीत धरून पाहतात. निरोगी गाय लगेच पाठ खाली वाकवते. पोटात टोचत असेल तर ती वाकणे टाळते वा कण्हते. आजार लवकर कळल्यास गाईस पुढचे पाय सुमारे अर्धा हात उंच राहतील अशा जागी बांधून ठेवणे, तोंडावाटे लोहचुंबक देणे व प्रतिजैविके टोचणे या उपायांनी पुष्कळ जनावरे बरी होतात. दोन-तीन दिवसांत उतार न पडल्यास कोठीपोट उघडून वस्तू काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. प्रतिजैविके टोचल्यावर पशुवैद्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्या गाईचे दूध संस्थेत घालू नये.

पोटात ठेवण्याचे लोहचुंबक साधारण सात सेंटिमीटर लांबीचे, दोन्ही टोके गोल असलेले असते. ते एकदा दिले म्हणजे जाळीपोटात आयुष्यभर राहते आणि येणारे लोखंड स्वतःला चिकटवून घेते. कालवड गाभण जाण्याच्या सुमारास ते देऊन ठेवणे शहाणपणाचे आहे. दुसरे चुंबक देण्यापूर्वी पहिले आहे की नाही हे छातीच्या खालच्या भागाजवळ होकायंत्र धरून पाहता येते. मात्र तांब्याची वा ॲल्युमिनियमची तार, काच आणि प्लॅस्टिक यांवर चुंबकाचा काही उपयोग नाही.

कारखान्यात वस्तू कशी शिरते

कच्चा माल शेकडो ठिकाणांहून पोत्यांतून येतो. पोत्याची सुतळी, पत्र्याच्या पट्ट्या, ट्रकच्या फळ्यांचे खिळे आणि खळ्यावरचे खडे त्याबरोबर येतात. पुढे दळणयंत्रातील हातोडे झिजून तुटतात, चाळणीची जाळी फाटते, माल वर चढविणाऱ्या पाळण्यांचे नट-बोल्ट सैल होऊन गळतात. व्यवस्थित चालविलेल्या कारखान्यात मालाच्या वाटेवर ठिकठिकाणी चाळण्या व चुंबके बसविलेली असतात आणि ती ठराविक वेळाने साफ केली जातात. चुंबक लोखंडाने पूर्ण भरले की पुढचा खिळा त्यावरून सरळ निघून जातो. म्हणून पोत्यात खिळा सापडणे म्हणजे केवळ दैवयोग नव्हे. ती बहुधा देखभालीतील त्रुटी असते, आणि त्याच दिवशी भरलेल्या इतर पोत्यांतही तसेच तुकडे असण्याचा संभव असतो. एका पशुपालकाने वेळीच कळविल्यास दुसऱ्याची गाय वाचू शकते, ती या कारणाने.

गाई-म्हशींच्या संमिश्र खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस २०५२ हे मानक आहे. खाद्य अपायकारक घटक, धातूचे तुकडे व भेसळ यांपासून मुक्त असावे, अशी त्यात अपेक्षा आहे. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे निराळे मानक आहे. पोत्यावर आयएसआय चिन्ह व परवाना क्रमांक असेल तर तो क्रमांक उतरवून ठेवावा. उत्पादकाप्रमाणेच ब्युरोकडेही तक्रार करण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा होतो.

पोत्यात दिसणारी प्रत्येक अनोळखी वस्तू दोषास्पद नसते, हेही सांगितले पाहिजे. मळीचे काळे गोळे, क्षारमिश्रणाचे पांढुरके कण, सरकीची टरफले ही खाद्याचीच अंगे आहेत. बोटांनी चुरडून व पाण्यात विरघळवून पाहिले म्हणजे पुष्कळ शंका दूर होतात. पावसाळ्यात पोत्याच्या तळाशी आढळणारी हिरवी-काळी बुरशी मात्र गंभीर आहे. तिच्याबाबत पहिला प्रश्न साठवणीचा येतो. पोते ओल्या जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवले असेल तर उत्पादकास दोष देता येणार नाही.

पुरावा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पोत्याच्या तोंडाची शिवण तपासून मगच ते उघडावे. शिवण एकसारखी कारखान्याची आहे की मध्ये हाताने पुन्हा शिवली आहे, हे पाहावे. पुन्हा शिवलेले पोते विक्रेत्यास तेथेच परत करावे. नंतर सर्व खाद्य स्वच्छ ताडपत्रीवर ओतून चाळून घ्यावे व त्यावरून एक चुंबक फिरवावे. जुन्या नादुरुस्त ध्वनिक्षेपकातील चुंबकही या कामी चांगले चालते आणि त्यास खर्च येत नाही. रोज मूठ-मूठ काढून थेट घमेल्यात टाकण्याची सवय सोयीची असली तरी त्या सवयीत वस्तू कोठून आली हे सिद्ध करण्याची संधी नाहीशी होते.

वस्तू सापडल्यास चाळणे तेथेच थांबवावे. वस्तू धुऊ नये, पुसू नये. तिला चिकटलेला भुसा व मळी हाच ती खाद्याबरोबर कारखान्यातून आल्याचा सर्वांत बोलका पुरावा असतो. गोळीच्या आत अर्धवट रुतलेला तारेचा तुकडा तर वादच मिटवितो. दोन शेजाऱ्यांस बोलावून त्यांच्यासमक्ष छायाचित्रे घ्यावीत : शिवण, पोत्यावरील छपाई, आणि मोजपट्टीशेजारी ठेवलेली वस्तू. साध्या कागदावर तारीख, वेळ व हकिकत लिहून तिघांनी सह्या कराव्यात. वस्तू कोरड्या काचेच्या बाटलीत बंद करावी. उरलेल्या खाद्यातून दोन किलोंचे दोन नमुने वेगवेगळ्या स्वच्छ पिशव्यांत भरून, तोंडे बांधून, सह्यांच्या चिठ्ठ्या लावून कोरड्या जागी ठेवावेत. रिकामे पोते, त्यावरील गट क्रमांक व उत्पादनाची तारीख असलेली पट्टी, यांपैकी काहीही टाकू नये. त्याच गटाचे न उघडलेले पोते घरी असेल तर ते तसेच राहू द्यावे. एकूण पुराव्यात त्याची किंमत सर्वाधिक आहे.

पावतीच्या बाबतीत आपल्याकडे एक विशेष अडचण येते. अनेक पशुपालक दूध संस्थेमार्फत खाद्य उचलतात व त्याची रक्कम दुधाच्या बिलातून वळती होते. हातात वेगळी पावती राहत नाही. अशा वेळी वळतीची नोंद असलेले दूधबिल हाच खरेदीचा पुरावा होय. ते जपून ठेवावे व पोती उचलताना गट क्रमांक संस्थेच्या वहीत नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा.

जनावर आजारी पडले असल्यास पशुवैद्यांकडून लेखी नोंद घ्यावी व तीत कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक असावा. जनावर दगावल्यास ते पुरण्याची घाई करू नये. शवविच्छेदनात जाळीपोटात वस्तू सापडली तर तिचे वर्णन अहवालात लिहून घ्यावे आणि विमा असल्यास विमा कंपनीस त्याच दिवशी कळवावे.

नोंदींचे महत्त्व किती, याचे एक उदाहरण अमेरिकेतील मिशिगन राज्याचे आहे. १९७३ साली तेथील एका रासायनिक कारखान्यातून पशुखाद्यात मिसळावयाच्या मॅग्नेशियम ऑक्साइडऐवजी आग रोखण्यासाठी प्लॅस्टिकमध्ये वापरावयाचे ब्रोमीनयुक्त रसायन खाद्य गिरणीकडे गेले. दोहोंची व्यापारी नावे मिळतीजुळती होती. रिक हॅल्बर्ट नावाच्या दुग्धव्यावसायिकाच्या गाईंनी खाणे सोडले व दूध झपाट्याने घटले. हॅल्बर्ट शिक्षणाने रसायन अभियंता होते. त्यांनी खाद्य बंद करून पाहिले, वासरांना तेच खाद्य देऊन पाहिले आणि प्रयोगशाळांकडे नमुने पाठवीत राहिले. अनेक महिन्यांच्या पाठपुराव्यानंतर १९७४ च्या वसंत ऋतूत विषाचा उलगडा झाला. तोवर दूषित खाद्य राज्यभर पसरले होते; सुमारे तीस हजार गुरे आणि पंधरा लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. गोठ्यातील खिळा आणि हे विष यांत प्रमाणाचा मोठा फरक आहे. परंतु आपला नमुना जपणारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहणारा एक पशुपालक नसता, तर ती चूक आणखी किती काळ दडून राहिली असती, हे सांगणे कठीण आहे.

तक्रार कोणाकडे

प्रथम उत्पादकाकडे, आणि तीही लेखी. विक्रेत्यास तोंडी सांगून बदली पोते घेणे सोपे असते. पण त्यामुळे कारखान्यास काहीच कळत नाही. पत्राचा मजकूर पुढील धर्तीचा असावा :

«प्रति, व्यवस्थापक, (उत्पादकाचे नाव व पत्ता, पोत्यावर छापल्याप्रमाणे).
महाशय, मी मोपा, ता. पेडणे येथील पशुपालक असून माझ्याकडे ___ दुभती जनावरे आहेत. आपल्या कारखान्यात तयार झालेले ___ या नावाचे पशुखाद्य, गट क्रमांक ___, उत्पादन दिनांक ___, मी दिनांक ___ रोजी ___ यांजकडून रुपये ___ देऊन विकत घेतले. दिनांक ___ रोजी शिवणबंद पोते दोन साक्षीदारांसमक्ष उघडून चाळले असता त्यात ___ सेंटिमीटर लांबीची ___ सापडली. छायाचित्रे व साक्षीदारांच्या सह्यांची नोंद सोबत जोडली आहे. मूळ वस्तू व खाद्याचे मोहोरबंद नमुने माझ्याकडे सुरक्षित असून आपल्या प्रतिनिधीस ते माझ्या घरी पाहता येतील. सदर गटाची चौकशी करावी, त्या गटातील खाद्य अन्यत्र गेले असल्यास ग्राहकांस सावध करावे, आणि माझे रुपये ___ चे नुकसान (तपशील सोबत) भरून द्यावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे.
आपला विश्वासू, ___»

पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोच जपावी. एक प्रत विक्रेत्यास व एक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास द्यावी. पत्रात संताप नको व अंदाजही नको. पाहिले तेवढेच लिहावे. प्रतिनिधी घरी आल्यास त्यास वस्तू दाखवावी, एक नमुना सही घेऊन द्यावा. मूळ वस्तू मात्र हातची सोडू नये. भरपाई म्हणून पोते मिळत असेल तर ते घेण्यास हरकत नाही, परंतु «माझी काहीही तक्रार उरली नाही» असे छापलेल्या कागदावर, गाय उपचाराखाली असताना, सही करणे टाळावे.

पुष्कळांचा समज असा की अशी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावयाची. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातील अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे, त्यामुळे तेथे हेलपाटे घालण्यात वेळ जातो. उत्पादकाने दाद न दिल्यास योग्य मार्ग २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आहे. हा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला व सदोष मालामुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादकाचे दायित्व त्यात स्पष्टपणे आले. दुधाचा धंदा करणारा ग्राहक कसा, असा आक्षेप घेतला जाण्याचा संभव असतो. स्वयंरोजगारातून केवळ आपल्या उपजीविकेसाठी विकत घेतलेला माल व्यापारी हेतूचा मानला जात नाही, असे स्पष्टीकरण कायद्यातच आहे. दोन-चार गाई स्वतः राखणाऱ्या कुटुंबाने या आक्षेपास घाबरू नये.

जिल्हा आयोगाचा अधिकार मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर मालासाठी दिलेल्या किमतीवरून ठरतो, आणि ती किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. म्हणजे कारखाना परराज्यात असला तरी मोप्याच्या पशुपालकास उत्तर गोवा जिल्हा आयोगाकडे जाता येते. वकील देणे बंधनकारक नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. प्रयोगशाळेच्या तपासणीवाचून दोष ठरविता येत नसेल तर आयोग नमुना मोहोरबंद करून तपासणीस पाठवितो. त्यासाठीच पूर्वी सांगितलेले दोन नमुने व न उघडलेले पोते उपयोगी पडते. अर्ज करण्यापूर्वी सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ हा आहे.

कुत्र्या-मांजरांच्या पाकीटबंद खाद्यास हीच रीत लागू पडते. वस्तू प्लॅस्टिकची वा हाडाची अणकुचीदार चीप असण्याचा संभव तेथे अधिक. ओले डबाबंद खाद्य असल्यास उरलेला भाग डब्यासह बर्फाच्या कप्प्यात ठेवावा, एरवी चार दिवसांत नमुना नासतो. पिशवीतील खाद्य हवाबंद डब्यात ओतून पिशवी फेकण्याची पद्धत घरोघरी दिसते; गट क्रमांक पिशवीवरच असल्याने खाद्य संपेपर्यंत ती पिशवी डब्याखाली घडी करून ठेवावी.